दिगूचा पिटा

"हा पिटा आहे की पापड? बोल ना रे नंद्या, पापड विकतोस का?" दिगू ओरडत होता. मॉलच्या फूड कोर्टातली रविवारची संध्याकाळ, डोशाच्या काउंटरपाशी रांग, पलीकडे चाटवाल्याचा गलका, आणि या सगळ्यावर माझ्या मित्राचा आवाज. हातातला चपटा, चिवट पिटा तो चोरीचा मुद्देमाल असावा तसा गिऱ्हाइकांना फिरवून दाखवत होता. काउंटरमागे त्याचा जुना भागीदार नंदू मान खाली घालून काकडी चिरत होता. "चलिए गुरु, बाहर चलिए," म्हणत गार्डनं दिगूचा दंड धरला. नंदूनं मान वर केली नाही. ती माझी आणि दिगूची शेवटची भेट. महिन्याभरात तो गेला. डॉक्टर म्हणाले, हृदयविकार. मी अजूनही म्हणतो, नंदू.

दिगू काशीच्या संकठा घाटामागच्या गल्लीतला. घरात पिढ्यान् पिढ्या पौरोहित्य, पण याला मंत्रांपेक्षा यात्रेकरूंच्या डब्यात काय आहे याची ओढ. एका हिवाळ्यात त्यांच्या वरच्या खोलीत एक इस्रायली पोरगा भाड्यानं राहिला. आला होता सतार शिकायला. सतार काही जमली नाही, पण जाताना दिगूला पिटा, म्हणजे तिकडची फुगणारी रोटी, शिकवून गेला. छोले वाटून, तिळाचं कूट घालून केलेलं हुमुस दिगूच्या आईनं चाखलं आणि म्हणाली, "हे तर पिठलंच की रे, गार झालेलं." फलाफलला तिनं भजी म्हणून पास केलं. पिटा मात्र तिनं नाव न ठेवता दुसरा मागून घेतला. दिगू कणकेचे गोळे लाटायचा, ओल्या फडक्याखाली निवांत निजवायचा, आणि मग लालबुंद भट्टीत टाकायचा. असा टम्म फुगायचा पिटा की मांजा बांधला असता तर शिंदे घाटावरून उडून पलीकडच्या रेतीवर उतरला असता! एकदा एक खरंच उडाला, असं मी गेली कित्येक वर्षं सांगतोय, आणि अजून कुणी मला खोटं पाडलेलं नाही.

नंदू आमच्याच शाळेतला. फूड कोर्टात गाळा घ्यायचं त्यानंच काढलं. गाळा त्याच्या नावावर, हात दिगूचे. "मित्रामित्रांत कसली लिखापढी?" असं दिगू म्हणाला, आणि मीही मान डोलावली. दुकान असं चाललं की शेजारचा पिझ्झावाला आमच्याच रांगेत उभा राहून जेवायचा. मग एके दिवशी दिगू कामावर गेला तर भट्टीपाशी दुसराच माणूस, आणि वर नवी पाटी: 'नंदूचा अस्सल इस्रायली पिटा'. गिऱ्हाइकांना नंदू सांगू लागला, मी तिकडे जाऊन शिकलो. हा माणूस उभ्या जन्मात मुगलसरायच्या पलीकडे गेलेला नव्हता! शिवाय घाई इतकी की गोळे निजवायलाही तयार नाही. पिटा फुगेल कसा? आजही फुगत नाही. दर रविवारी मी जातो, एक मागवतो, आणि चार टेबलांना ऐकू जाईल असं विचारतो, "भैया, यह बैठ क्यों गया?" मला भलतं समाधान मिळतं.

दिगूला गाळा परत नको होता. "त्यानं एकदा चार माणसांत म्हणावं, पिटा दिगूचा. बस्स," एवढंच तो म्हणायचा. तेवढं ऐकायच्या आत गेला...

दहाव्याला आम्ही घाटावर जमलो. वहिनींनी पिंडाशेजारी केळीच्या पानावर एक फुगलेला पिटा ठेवला. गुरुजींनी भुवया उंचावल्या. वहिनींनी बघितलंच नाही. कावळा शिवेना. काशीचे कावळे म्हणजे अख्ख्या हिंदुस्थानच्या पिंडांवर पोसलेले, त्यांना कसली घाई? दिगूचा भाऊ म्हणाला, "वहिनीला अंतर देणार नाही." कावळा बुरुजावरच. मुलगी म्हणाली, "बाबा, आईला मी एकटं सोडणार नाही." कावळ्यानं पंख साफ केले. गुरुजींचा दुसरा यजमान पायऱ्यांवर खोळंबलेला. त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावायचं ठरवलं, दर्भ हातात घेतलासुद्धा. मी त्यांचं मनगट धरलं.

"गुरुजी, थांबा. त्याचं मागणं राहिलंय, आणि ते ज्याच्याकडे आहे तो इथंच आहे."

नंदू पहिल्या रांगेत होता. सगळ्यांत मोठ्यानं रडत होता. बनारसमधली यच्चयावत मराठी घरं त्याच्याकडे वळली.

"मी काय बोलू?" तो पुटपुटला.

"फूड कोर्टात बोलला नाहीस ते."

"बोला हो, लवकर बोला," गुरुजी म्हणाले.

नंदू ओठातल्या ओठात काहीतरी म्हणाला. "मोठ्यानं," मी म्हटलं, "कावळा लांब आहे." गंगेची शपथ, इतकं गोड वाक्य माझ्या तोंडून पुन्हा निघणार नाही.

"दिगू..." नंदूचा आवाज चिरकला. "पिटा तुझा. मी कुठंही गेलो नव्हतो. सगळं तुझं होतं, आणि मी तुलाच बाहेर काढलं. पाटी उतरवतो."

कावळा आला. आधी पिट्याला चोच, मग पिंडाला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले, गुरुजी सुटकेनं उठले, आणि पाटी खरोखरच दुसऱ्या दिवशी उतरली. मी खाली उभा राहून उतरवून घेतली. पण दहाव्याच्या त्या सकाळी घाटावर नंदू ओल्या पायरीवर गुडघे टेकून वहिनींसमोर बसला.

"वहिनी, दिगूनं माफ केलं. कावळा शिवला, सगळ्यांनी बघितलं. आता तुम्हीही करा."

वहिनी रिकामं ताट पुसत होत्या.

"मी कावळा नाही," त्या म्हणाल्या.