तारेखालची खोली

रिकाम्या जमिनीचा इतका मनापासून त्रास करून घेणारा माणूस आमच्या किनाऱ्यावर दुसरा झाला नसेल. मालवणच्या बाजाराला जाताना लोक कुणाच्या शेतात काय पिकलं आहे ते बघत. माझे मामा कुणाच्या परड्यात काय बांधता येईल ते बघत. स्वतःच्या परड्यात, घराच्या मागच्या त्या माडापोफळींच्या गर्दीत, त्यांनी नारळांची खोली बांधली, जळणाची खोप बांधली, सासूबाई वर्षातून एकदा येत म्हणून दुसरी न्हाणी बांधली आणि कोंबड्यांसाठी चिरेबंदी खुराडं बांधून त्याला खिडकी ठेवली. यातलं काहीही देवाला विचारल्याशिवाय नाही. देवळात कौल घेताना गुरव मूर्तीच्या दोन्ही अंगांना भिजवलेले तांदूळ लावी. उजवीकडचा दाणा आधी पडला तर देवाचा होकार, डावीकडचा पडला तर नकार. मामांच्या वेळी डावा पडला की ते पुन्हा लावायला सांगत, उजवा पडेपर्यंत. "देव नाय म्हणना नाय रे," ते मला शांतपणे समजावत, "इचार करता."

साठ सालाच्या पुढे-मागे गावात विजेचे खांब आले. तारांची ओळ मामांच्या परड्यातून जायची होती. तिच्यासाठी सात माड तोडले, आणि त्या पट्ट्यात काही बांधणार नाही अशा कागदावर मामांनी सगळ्यांच्या आधी सही केली. "तार वर, जमीन खाली. भांडाण कित्याक होतला?"

त्याच वर्षी माझी आई, म्हणजे मामांची धाकटी बहीण, त्यांची 'बाय', मुंबईहून छातीचं दुखणं घेऊन माहेरी आली. मी गावच्या शाळेत नुकताच मास्तर झालो होतो आणि मामांकडेच राहत होतो. मालवणच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली आणि सांगितलं, रोज ऊन आणि मोकळी हवा पाहिजे. मामांच्या सगळ्या परड्यात ऊन पडे ते फक्त माड तोडलेल्या पट्ट्यात. मामा देवळात गेले. आयुष्यात पहिल्यांदा पहिल्याच खेपेला उजवा दाणा पडला. महिन्याभरात तारेखाली दक्षिणेच्या मोठ्या खिडकीची, कौलारू खोली उभी राहिली. आईची खाट तिथे गेली. पावसाळ्यात तिने सोडलेलं जेवण दिवाळीला पुन्हा सुरू झालं.

आणि मग वीज सोडायची वेळ आली. इंजिनियर आले, खोलीकडे पाहून म्हणाले, "हे काढल्याशिवाय मला लाइन चालू करता येणार नाही. सोमवारी येतो." म्हणजे सगळ्या गावाचे दिवे आमच्या एका खोलीपाशी अडले. दुकानात मी शिरलो की बोलणं थांबे. भातगिरणीवाल्याने विजेची मोटर आणून ठेवली होती. तो मामांना भर रस्त्यात म्हणाला, "मामानू, गाव काळोखात आणि तुमच्या कोंबड्यांक खिडकी!" शुक्रवारी खोलीवरची दोन कौलं फुटलेली सापडली. माकड असेल, मी आईला म्हटलं.

रविवारी गाव देवळात जमला. खोली राहावी की जावी, देवालाच विचारायचं ठरलं. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, लोक "होय महाराजा" म्हणाले, आणि तांदूळ लावायला त्याने हात उचलला. डावा पडला तर मामा पुन्हा लावायला सांगणार, आणि मग या गर्दीचं काय होईल, हे मला दिसत होतं.

"थांब रे," मामा म्हणाले. "तांदूळ लावू नको. खोलयेचो कौल घेतलंय तेव्हा तारेचा मी देवाक सांगूकच नाय. अर्धाच सांगलंय, म्हणान उजवो इलो."

"मगे आता?" गिरणीवाल्याने विचारलं.

"देवाक फसवून बायक बरा करूचा नाय माका."

सोमवारी सकाळी मामांनी स्वतः कौलं उतरवली आणि मग आम्ही दोघं चिरे काढू लागलो. आई खाटेवरून उठेना. खिडकी गेली, भिंती कमरेएवढ्या झाल्या, तरी ती पडून होती. "दादा," ती म्हणाली, "भिंत गेली तसो वारो बरो इलो." इंजिनियर आले तेव्हा उघड्या जोत्यावर, बरोबर तारेखाली एक खाट होती. मामा ऑफिसातल्यासारखं शुद्ध बोलू लागले, "साहेब, बांधकाम काढलं. खाट हे बांधकाम नव्हे ना?" इंजिनियरांनी एकदा तारेकडे, एकदा आईकडे पाहिलं. "ऊन घेऊ द्या त्यांना," ते म्हणाले. "बांधू मात्र नका." संध्याकाळी गावात दिवे लागले. गिरणीवाला पेढे घेऊन आला आणि दारातच उभा राहिला. मामांनी त्याला हाताला धरून आत आणलं.

त्यानंतर मामांनी काही बांधलं नाही. रोज सकाळी ते मागच्या दारात उभे राहून हाक देत, "ऊन इला गो, बाय!" मग आम्ही दोघं खाट बाहेर नेत असू. आईला असे तीन हिवाळे मिळाले. ती गेल्यानंतरच्या हिवाळ्यात एकदा मी दात घासत असताना मामांनी सवयीने तीच हाक दिली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. थोड्या वेळाने मामा त्या जोत्यावर जाऊन बसले आणि तोंड उन्हाकडे करून त्यांनी डोळे मिटले.