थोरल्याच्या गाडीची खटखट

ग्रीसचा वास आला की मला आमचं राहुरीकडचं अंगण आठवतं. बाहत्तरचा दुष्काळ होता. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून थोरल्या भावाचा न् माझा अबोला झाला होता. पुढं विहीर आटली, अबोला तसाच राहिला. थोरला टॅक्सी चालवायचा. इथं भाडं मिळंना म्हणून वहिनीला घेऊन कायमचा कल्याणला निघाला, तर गाडीच्या स्टेअरिंगमधून खटखट यायला लागली. वहिनी म्हणाली, "असल्या गाडीत मी घाट उतरायची न्हाई." मग मीच गाडीखाली शिरलो. थोरला वर बसून स्टेअरिंग फिरवायचा, मी खालून रॅकला, म्हणजे चाकं वळवणाऱ्या आडव्या दांड्याला, हात लावून दणका कुठं बसतो ते चाचपायचो. दोघांत हातभर अंतर, पण बोलणं वहिनीच्या तोंडून. "वैनी, त्येला म्हणा डावीकडं वळव." "भावजी, हे म्हणत्यात वळवलंय, डोळे हायेत का बटनं?" सांगताना तिला हसू आवरत नव्हतं. रॅक धरणारं रबर झिजलं होतं. जुन्या टायरचा तुकडा कापून बसवला न् बोल्ट आवळले. गाडी तशीच राहिली तर थोरलाही राहील, हे मला खाली पडल्या पडल्या कळत होतं. पण हातात घेतलेलं काम मी कधी अर्धं सोडलं नाही. थोरला गावाबाहेर एक चक्कर मारून आला न् माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. "भावजी, हे म्हणत्यात आवाज गेला," वहिनी म्हणाली. या वेळी ती हसली नाही. सकाळी दोघं गेली. थोरला तिकडंच वारला. लोक म्हणतात, तू तरी बोलायचं होतंस. मी का म्हणून? थोरला तो होता.