पहिल्या वडाचा साचा

पेणच्या रामवाडीत आमच्या शेजारी राहणारी हौसाताई गणपतीच्या कारखान्यात कामाला होती. रंगीत टीव्ही नवे होते तेव्हाची गोष्ट. तिची बहीण रोह्याला एका कंपनीच्या साहेबांकडे स्वयंपाक करायची. तिला भेटायला गेली आणि हौसाताईनं तिथल्या गॅलरीत परातीएवढ्या कुंडीत अख्खा वड पाहिला. पारंब्यांसकट! परत आली ती एकच घोकत, "मला पण जमलं पायजे."

गटाराच्या भिंतीत उगवलेलं वडाचं रोप तिनं उपटून आणलं आणि कुंडीत लावलं. माती कुठली? शाडूची, दुसरी कुठली! मूर्तीला चालते ती झाडाला का नाही चालणार? वर सवयीनं ओल्या फडक्यानं अशी गुळगुळीत केली, की पाणी मुरेचना. पानं पिवळी पडून गळाली. मी म्हटलं, "टाकून दे गो ते."

ती कसली ऐकते! वाळलेला गोळा तिनं मधोमध फोडला. सुकलेली मुळं अलगद निघाली आणि शाडूत त्यांचा हुबेहूब साचा उरला. तो डोळ्यांजवळ धरून ती बघतच बसली.

"हे बघ गो, खाली एक पण मूळ गेलं नाय. सगळी कडेकडेनं वर आलीत. जीव गुदमरला त्यांचा."

मग तिनं कुंडीला भोक पाडलं, विटांचा चुरा आणि शेणखत घालून दुसरं रोप लावलं. ते जगलं. पुढं त्याला पारंबीही फुटली.

ती बघायला आलेल्या एका बाईनं विचारलं, "कोणाकडे शिकलीस गो?"

हौसाताईनं फळीवर जपून ठेवलेला, मुळांच्या साच्याचा तो शाडूचा तुकडा दाखवला. "ह्याच्याकडं. मीच मारला त्याला."