गुंडाचा गळ आणि राहीआत्तीचा घास

गुंडा माझ्या वर्गातला, चौथीपर्यंतचा. कुंडलला आमची उसाची रानं बांधाला बांध लागून. माणूस असा मऊ, की बैलाला शिवी द्यायच्या आधी कोण ऐकत नाही ना ते बघायचा. नाद दोनच, तंबाखू आणि गळ. तंबाखू सुटावी म्हणून बनुबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, नवस बोलून झाले होते. तो म्हणायचा, "नवस तिचा हाय, तिनंच फेडावा."

सत्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्याच्या आईला, राहीआत्तीला, मुदतीचा ताप आला. सांगलीच्या डॉक्टरांच्या औषधानं ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. दोन घोट पेज प्यायची आणि वाटी सरकवायची. अंगावर नुसती हाडं राहिली. डॉक्टर म्हणाले, पोटात काही गेलं नाही तर औषध तरी काय करणार. शेवटी एका सकाळी आत्ती म्हणाली, "शिंगाळा असला तर बघीन. दुसरा मासा नगं. दात न्हाईत, काटा घशात बसल."

शिंगाळा म्हणजे मिशावाला, बिनखवल्याचा मासा. मधला कणा काढला की आत नुसतं मांस.

बाहत्तरच्या दुष्काळात आम्हीच खडी फोडून बांधलेला तलाव गावाच्या वर होता. तिथं गुंडा गळ घेऊन बसला, मी सोबतीला. पहिल्या दिवशी कणकेची गोळी, वर ज्वारीच्या धाटाचा तरंगा. लागली ती काट्यांची चिलापी. शिंगाळा तळाला चरणार आणि ह्याचा गळ मधेच लोंबकळत होता. दुसऱ्या दिवशी तरंगा काढला, इंजिनाचा नट वजनाला बांधून गांडूळ पार तळाला सोडलं. ते खेकड्यांनी खाल्लं. तिसऱ्या दिवशी मात्र त्यानं डोकं लढवलं. नट दोरीच्या टोकाला, आणि त्याच्या वर वीतभर अंतरावर आखूड दोरीनं गळ, म्हणजे खेकड्याची नांगी पोचायला नको. आमिष कोंबडीच्या आतड्याचं, एक दिवस मुरवून दोऱ्यानं गुंडाळलेलं. वास असा, की मी उठून वाऱ्याच्या वरच्या अंगाला गेलो.

दुपार झाली तरी दोरी हलेना. गुंडा सारखा गावाकडं बघत होता.

तेवढ्यात धुळा धनगर मेंढरं पाण्यावर घेऊन आला. गुंडानं तंबाखूची चिमूट मळली, दाढेखाली धरली आणि त्याच बोटांनी नवं आमिष लावायला घेतलं.

"आबा," धुळा म्हणाला, "मासाबी तंबाखू खातोय व्हय?"

"का रं?"

"त्यो वासावर जगतोय. तुमच्या हाताचा वास आला की लांबनंच माघारी फिरत आसंल."

गुंडानं बोटं हुंगली. मग तंबाखूची चंची माझ्या हातात दिली. "ठेव गड्या. मागितली तरी देऊ नगंस." चूळ भरली, काठावरच्या चिखलानं कोपरापर्यंत हात घासले, आतडं नव्यानं बांधलं. तासाभरात दोनदा मागितली. तिसऱ्यांदा म्हणाला, "नुसती हुंगतो." तेव्हा मी चंची घेऊन बांधाच्या पलीकडं जाऊन बसलो.

उन्हं कलली तशी गुंडाची हाक आली. पळत गेलो तर दोरी ताणलेली आणि हा गुडघाभर पाण्यात. हातभर शिंगाळा बाहेर आला. त्याच्या पाठीचा काटा गुंडाच्या अंगठ्यात घुसला, रक्त आलं, पण पठ्ठ्यानं मासा सोडला नाही.

बनुबाईनं कमी तिखटाचा रस्सा केला. गुंडा ओल्या धोतरातच उंबऱ्यावर बसला होता, आईच्या तोंडाकडं बघत. आत्तीनं आधी घोट घेतला. मग मांसाचा तुकडा बोटांनी चाचपला आणि तोंडात टाकला. कितीतरी वेळ हिरड्यांनी चघळत राहिली. दुसरा घेतला. तिसरा घेताना म्हणाली, "बने, मीठ घालायला इसरलीस व्हय? आन् भाकरी कुठाय? नुसता रस्साच पिऊ?"

आठ दिवसांत आत्तीच्या वाटणीची भाकरीच झाली नव्हती. बनुबाई उठून परत चुलीपुढं गेली.

"आये, दम धर," गुंडा म्हणाला. "काटवटीत पीठ घेतलंय तिनं."