न वाजणारा ओंडका

वखारीत त्यांना सगळे कानवाले म्हणत. ओंडक्याला कान लावायचा, आत भुंगेऱ्याची अळी कुरतडताना ऐकू आली तर खडूने फुली मारायची. आवाज नाही, तर माल पास. तीस वर्षं हेच काम, आणि त्याचा तोरा केवढा! लेकीच्या दाराची चौकट तीन वर्षांत आतून पोखरलेली निघाली, तेव्हा ती करून देणाऱ्या सुतार मेहुण्यावरच त्यांनी लाकूड बदलल्याचा आळ घेतला. "मी ऐकून दिलेलं लाकूड होतं ते!" तेव्हापासून सात वर्षं दोघांत अबोला.

साठीला टेकले आणि कान गेले. घरी बायको ओरडून बोलू लागली. वखारीत मात्र त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. कळलं असतं तर घरी बसावं लागलं असतं. ओंडक्याला कान लावणं हे आता निव्वळ नाटक. डोळे असायचे लांब शेपटीच्या बारीक गांधीलमाश्यांवर. ही माशी मिशांनी साल चाचपत फिरते. आत अळी असली की केसासारखी सुई लाकडात खुपसून तिच्यावर अंडं घालते. माशीनं सुई खुपसली की कानवाले फुली मारत.

पुढे हमाल माश्यांना घाबरायला लागले आणि मालकांनी औषध फवारणारा बोलावला. त्यानं पंप खांद्याला लावला तसे कानवाले आडवे आले.

"मालक, या मेल्या तर माझं काम संपलं. मला दोन वर्षं ऐकू येत नाही. या कुठे सुई खुपसतात ते बघूनच फुली मारतो."

मालकांनी आठवड्यापूर्वी फुली मारलेला एक ओंडका पुढे ओढायला लावला आणि मला म्हणाले, "मुकादम, तुमचे कान शाबूत आहेत. ऐका."

मी ऐकलं. आत चिडीचूप. "साफ आहे," मी म्हणालो, आणि म्हाताऱ्याचं फार वाईट वाटलं.

ओंडका करवतीवर चढवला. आत बोट जाईल एवढी भोकं. एका भोकात अळी लुळी पडलेली, तिच्या अंगाला माशीचं पिल्लू चिकटलेलं. माशीनं डंख मारून अळीला गप्प केलं होतं. मग कुरतडणार कोण?

"कान गेले ते बरंच झालं म्हणायचं!" मालक हसले. फवारणारा आल्या पावली परत गेला, नोकरी वाचली. कानवाले मात्र त्या अळीकडे बघत राहिले.

"म्हणजे गप्प लाकूडही..." एवढंच म्हणाले.

दुपारी ते मेहुण्याच्या दुकानाकडे निघाले. मला म्हणाले, "चला बरोबर. उत्तर ऐकायला कुणीतरी हवं."

मेहुणा रंधा मारत होता. कानवाले दारातूनच म्हणाले, "चौकटीचं लाकूड मीच किडकं दिलं होतं. तुझी काही चूक नव्हती."

मेहुण्यानं मान वर केली नाही. "सात वर्षांनी सुचलं," तो पुटपुटला.

कानवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणाला?"

"बसा म्हणतात," मी त्यांच्या कानाशी ओरडलो.

रंधा थांबला. मेहुण्यानं माझ्याकडे रागानं पाहिलं, मग पायानंच स्टूल पुढे सरकवलं.