लेकीच्या राजधानीवर स्वारी

मी आयुष्यात एकच युद्ध जिंकलं, आणि त्याबद्दल आमच्या घरात मला अजून कुणी माफ केलेलं नाही.

युद्ध लॅपटॉपवरचं होतं. तरी सांगतो, कारण निम्म्या अंबडला ते आधीच माहीत आहे आणि उरलेल्या निम्म्याला आमच्या शेजारचे कांतीशेठ सांगत फिरतायत.

मी तीस वर्षं भोकरदनला हायस्कुलात इतिहास शिकवला. फळ्यावर खडूचे बाण काढून किती सैन्यं इकडची तिकडं नेली, त्याला हिशोब नाही. निवृत्त झालो, अंबडला घर बांधलं आणि दीड वर्षापूर्वी आमची एकुलती एक लेक प्रणिता लग्न होऊन बंगळूरला गेली. तिथं तिची नोकरीही चांगली होती. ती गेल्यावर घरात फ्रिजचा आवाज ऐकू यायला लागला. तो आधीही होत असणार, पण तोपर्यंत कुणाला ऐकायला सवड नव्हती.

संध्याकाळी तिचा फोन यायचा. आईशी अर्धा तास. मग फोन माझ्याकडं.

"जेवलीस?"

"हो. तुम्ही?"

"हो."

"बरं."

"बरं. आईला देतो."

पंचेचाळीस मिनिटांचा तास श्वास न घेता घेणारा मी माणूस, पण पोटच्या पोरीशी पंचेचाळीस सेकंद निभत नव्हते! फोन ठेवला की मला स्वतःचाच राग यायचा, आणि तो मी टीव्हीवरच्या बातम्यांवर काढायचो.

हे प्रणितानं ओळखलं. दिवाळीला आली तेव्हा तिनं जुन्या लॅपटॉपवर एक खेळ टाकला. फार जुन्या काळातली राज्यं, हत्ती, घोडे, भालेवाले, तिरंदाज.

"बाबा, ह्याच्यात एक डाव तुमचा, एक माझा. तुम्ही सकाळी खेळा, मी दुपारच्या सुट्टीत खेळीन. डावासोबत दोन ओळी लिहून पाठवता येतात. आपल्याला बोलायला जमत न्हाई ना? मंग लढू."

एकूण पाच राज्यं. एक माझं, एक तिचं, तीन यंत्राची. माझा आणि तिचा तह. शेवटी जो एकटा उरेल तो जिंकला, की खेळ खलास.

इतिहासाचा माणूस मी! पहिल्याच डावात सगळं सैन्य घेऊन निघालो. तिरंदाज पुढं, हत्ती दलदलीत, राजधानीत फक्त एक स्वयंपाकी (तो मी मनानं धरला होता). चौथ्या डावाला माझं राज्य संपलं. लेकीच्या दोन ओळी आल्या: "बाबा, खरं सांगा. शाळेत असताना तुम्हाला इतिहासात किती मार्क होते?"

नवा खेळ मांडला. ह्यावेळी तिनं नवशिक्यासाठी नियम लिहून पाठवले आणि मी ते शंभर पानी वहीत लाल शाईनं उतरवले. पहिले दहा डाव कुणाच्या वाटेला जायचं नाही, कोठार भरायचं. हेर पाठवल्याशिवाय पुढं पाऊल टाकायचं नाही. भालेवाले पुढं, तिरंदाज मागं आणि शक्यतो टेकडीवर. एका वेळी एकच शत्रू. राजधानी कधीही रिकामी सोडायची नाही. शेवटच्या नियमाखाली मी दोन रेघा मारल्या.

कांतीशेठ रोज सकाळी कापडाचं दुकान उघडायच्या आधी आमच्याकडं चहाला येतात. त्यांच्या घराण्याच्या चार पिढ्या इथंच धंद्यात गेल्या. ते खुर्ची ओढून माझ्या मागं बसायला लागले.

"सर, हे तर बराबर दुकानच हाय. पहिले माल भरा, मंग शटर उघडा!"

"तेच करून राह्यलो शेठ."

"अन् समोरच्या दुकानदारासोबत एकदम भांडू नका. पहिले त्याचं गिऱ्हाईक बघा, कुठून येतं ते."

आमची शोभा चहाचे कप ठेवता ठेवता म्हणायची, "घरातलं दळण संपलं, ते गिरणीत न्यायला ह्यांना टाईम न्हाई. अन् तिकडं कोठारं भरून राह्यले!"

पण नियम खरे निघाले. उन्हाळा संपेपर्यंत यंत्राची तिन्ही राज्यं आम्ही बापलेकीनं मिळून बुडवली. खरं सांगायचं तर मला लढाईचं काही नव्हतं. मी दुपारी त्या दोन ओळींची वाट बघायचो. "आज डोसा तव्याला चिकटला, आम्ही उपमा म्हणून खाल्ला." "बाबा, तुमचे हत्ती माझ्या नदीवर पाणी पितात, चारा पाठवा." त्या ओळी आल्या की माझा दिवस उगवायचा. हे मी शोभाला कधी सांगितलं नाही, तिला ते माहीत होतं.

तिसरा राजा पडला आणि नकाशावर आम्ही दोघंच उरलो. तिनं लिहिलं, "आता कुणी कुणावर चाल करायची न्हाई. केली की खेळ संपतो." मी लिहिलं, "कबूल." त्यानंतर आम्ही नुसते नांदत होतो. मी रस्ते बांधायचो, ती बागा लावायची. असं नुसतं नांदायला तो खेळ बनवणाऱ्यानं खचितच केला नसेल.

आणि मग एक दिवस लेकीच्या राज्यातून शंभर गाड्या धान्य आलं. पडद्यावर दोन बटणं: स्वीकारा, नाकारा. मी स्वीकारणार तेवढ्यात मागून शोभा ओरडली.

"अहो! लेकीच्या घरचं धान्य घेता व्हय?"

माझा हात जागीच थांबला. आमचं मूळ गाव वाटूरकडचं. माझे आजोबा आत्याच्या गावाला जायचे तेव्हा पाण्याचा तांब्या घरून न्यायचे. लेक दिली त्या गावचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही! आणि मी शंभर गाड्या घेणार होतो. मी 'नाकारा' दाबलं. एवढ्यावर भागेना, म्हणून उलट दोन हत्ती आणि तीस विणकर तिच्याकडं रवाना केले. शोभाचं समाधान झालं.

चार दिवसांनी परत धान्य. नाकारलं. परत आलं. परत नाकारलं. तिसऱ्या वेळी पडद्यावर इंग्रजीत एक लाल पट्टी आली.

"हे काय हो शेठ?"

"जाहिरात असंल सर. आजकाल सगळीकडं जाहिरातच हाय. जल्दी फुली मारा."

मी फुली मारली. ती जाहिरात नव्हती. तीनदा भेट नाकारून तुम्ही शेजाऱ्याचा अपमान केला आहे, सबब तह मोडला आहे, असं त्यात लिहिलं होतं, हे मला पुढं कळलं. (हा खेळ ज्यानं बनवला त्याला लेक नसणार!)

ह्याच सुमाराला तिच्या दोन ओळींची एक ओळ झाली. मग "आज काही न्हाई." मग नुसता डाव यायला लागला, ओळ नाही. दुपारच्या सुट्टीत येणारा डाव सकाळी दहालाच यायचा, कधी कधी तर माझा पोचल्यावर दोन मिनिटांत. तिचे सैनिक आठ दिवस जागचे हलले नाहीत. बागांना पाणी नाही. हे सगळं मला दिसलं. नुसतं दिसलं नाही, मी ते वहीत तारखेनिशी नोंदवलं! मग हेर पाठवले. हेर सांगत आले की तिच्या सीमेवर कुणी नाही, राजधानीच्या वेशीवरसुद्धा पहारा नाही.

"गनिमी कावा!" मी मांडीवर थाप मारली.

"बिलकुल!" कांतीशेठ म्हणाले. "सर, गिऱ्हाईक गप बसलं म्हणजे समजायचं, त्याच्या मनात काही तरी हाय."

मी माझ्या सीमेवरचा पहारा दुप्पट केला.

शोभा म्हणाली, "पोरगी फोनवर बी गप गप असती हो."

"डोकं लावून राह्यली ती," मी अभिमानानं म्हणालो. "बापाला फसवायला निघाली. माझीच लेक हाय!"

नागपंचमी जवळ आली. लग्नानंतरची दुसरी पंचमी. पहिलीला ती आल्ती, मैत्रिणींसोबत झोका खेळल्ती. ह्यावेळी "सुट्टी मिळत न्हाई" म्हणाली. शोभा त्या दिवशी न जेवता झोपली. मला काही सुचेना. फोनवर तर मला काही बोलता येत नाही, हे वर सांगितलंच आहे. मग वाटलं, निदान पोरीला हसवावं.

मी चार घोडेस्वार आणि एक बैलगाडी घेतली. खेळात तुकडीला आपल्याला हवं ते नाव देता येतं. मी नाव दिलं 'मुऱ्हाळी'. आमच्याकडं लेकीला माहेरी आणायला जो जातो तो मुऱ्हाळी. सोबत लिहिलं: "पंचमीला न्यायला माणसं पाठवली आहेत. तयार राहा."

कितीतरी दिवसांनी तिचा शब्द आला. एकच. "या."

आमच्या घरात एकदम उत्साह! शोभा पहिल्यांदाच लॅपटॉपसमोर येऊन बसली.

"गाडी रिकामी चालली काय?"

"न्हाई, गहू भरलेत."

"नुसते गहू? गूळ न्हाई?"

"गूळ खेळात न्हाई."

"मंग कसला खेळ हो तुमचा!"

तिसऱ्या दिवशी सकाळी मुऱ्हाळी तिच्या राजधानीपाशी पोचले. वेस सताड उघडी. आत चिटपाखरू नाही. मी, शोभा आणि कांतीशेठ, तिघंही पडद्याला नाक लावून बसलो होतो.

"जाऊ द्या आत," शोभा म्हणाली. "दारात किती वेळ उभं ठेवता?"

मी दाबलं.

ढोल वाजले. शिंगं वाजली. वाड्यांना आगी लागल्या! तिचा हिरवा झेंडा खाली आला, माझा भगवा वर चढला आणि पडदाभर सोनेरी अक्षरं आली.

"सर!" कांतीशेठ टाळ्या पिटत उठले. "जिंकलात! सगळं जग जिंकलं!"

शोभाचा हात तोंडावर गेला. "अहो, लेकीचं घर जाळलं काय तुम्ही?"

"मी न्यायला गेल्तो!"

"मंग आग कुणी लावली?"

"मला काय माहीत! मी गहू नेल्ते!"

मी दिसेल ते बटण दाबलं. मागं जायला वाट नव्हती. खेळ एकच विचारत होता, नवीन सुरू करायचा का? कांतीशेठांना एकदम दुकानाची आठवण झाली आणि ते गेले. मी बसून राहिलो. नऊ महिने चाललेला आमचा संसार मी एका बोटानं संपवला होता. आता उद्या दुपारी कशाची वाट बघायची?

दिवसा तिला फोन करायचा नाही, ऑफिसात असते, असा आमचा दंडक. तो मोडला. पहिल्याच घंटीला तिनं उचलला. मागं कुकरची शिट्टी झाली. सकाळी अकराला ऑफिसात कुकर कसा, हा प्रश्न मला त्या क्षणी पडला नाही. मी जुळवून ठेवलेली माफी एका दमात म्हणून टाकली.

"पनू, चुकून झालं बाळा. मी घोडे न्यायलाच पाठवल्ते, त्यांनी आत जाऊन काय केलं कुणास ठाऊक..."

ती रडायला लागली.

"अगं, रडू नको! नवीन मांडू. ह्यावेळी दोन राज्यं तुझी. हत्ती सगळे तुझे! मला नुसते भालेवाले दे, चालंल मला."

"बाबा, तसं न्हाई."

"मंग?"

"माझी नोकरी गेली. दीड महिना झाला."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सकाळी हे ऑफिसला जातात. मी दिवसभर एकटी अर्ज करत बसते. कुणाचं उत्तर येत न्हाई. फक्त तुमचा डाव येतो. तो आला की नुसतं बटण दाबते, दुसरं काही सुचत न्हाई."

"मंग सांगायचं ना आम्हाला!"

"कसं सांगू? तुम्ही सगळ्या अंबडला सांगितलंय माझ्या नोकरीचं."

हे खरं होतं. शेजारी, भाजीवाली, दाढी करणारा, बसचा कंडक्टर, मी कुणालाही सोडलं नव्हतं.

"निदान मला दोन ओळी तरी लिहायच्या, पनू."

"चारदा लिहायला बसले बाबा." तिनं नाक पुसलं. "तेवढ्यात तुम्ही पहारा दुप्पट केला."

मी ती लाल शाईची वही मिटून टाकली. मग तिनंच बारीक आवाजात विचारलं, "बाबा, खरंच न्यायला याल?"

"आजच निघतो," मी म्हणालो.

मागं वळलो तर शोभा माझी पिशवी भरत होती. डोळे पुसत, सदऱ्याच्या घड्या घालत.

"तुला माहीत होतं?"

"नोकरीचं न्हाई. पण काही तरी बिनसलंय, हे मला महिन्याभरापासून वाटून राह्यलं."

"मंग बोलली कशी न्हाई?"

"कितीदा बोलले! तुम्ही म्हणायचे, थांब, लढाई सुरू हाय."

तासाभरात मी जालन्याच्या बसमध्ये होतो. कांतीशेठांनी त्यांचं काम चोख केलेलं होतं. स्टँडपासून माझ्या सीटपर्यंत तिघांनी अभिनंदन केलं. कंडक्टरनं तर तिकीट फाडता फाडता हात पुढं केला, "सर, सगळं जग जिंकलं म्हणे!" मी हात मिळवला आणि "हो" म्हणालो. स्वतःच्या पोरीला 'बरी आहेस ना' एवढं विचारायला मला आधी तिची राजधानी जाळावी लागली, हे भर गर्दीत कुठं समजावून सांगत बसणार?