चाळिसाव्या पानापुढे

आमच्या विद्यापीठासमोरचे झेरॉक्सवाले माझ्यासारखेच तंजावरी मराठी. एम.एस्सी.च्या सगळ्या विषयांच्या नोट्स त्यांच्याकडे असतात, पण वाचायच्या भानगडीत ते पडत नाहीत. एक डोळा मिटून फक्त गठ्ठ्याची कड बघतात. पोरांची बोटं लागतात तिथवर ती मळते.

काल मी ज्या वहीवरून शिकवतो ती माझी क्वांटम मेकॅनिक्सची वही बाइंडिंगला नेली. दुकानातली तिची प्रत दाखवत ते म्हणाले, "सार, बायोकेमिस्ट्री शेवटपर्यंत काळी होते. तुमचं चाळीस पानं काळं, मग पांढरंच."

"पुढचं कठीण आहे," मी प्राध्यापकी आवाजात म्हणालो.

त्यांनी माझी वही घेतली आणि डोळा मिटला. तीही चाळीस पानांपर्यंतच मळलेली होती. मागे माझे विद्यार्थी उभे होते. झेरॉक्सवाल्यांनी ती चटकन वर्तमानपत्रात गुंडाळली.